तीन रेघांचा नारळ

आम्ही त्या घरात राहायला गेलो त्या दिवशी सगळ्यात आधी भेटायला आली ती नाखवा मावशी. पण तिनं 'कसे आहात' विचारलं नाही की 'कुठले' विचारलं नाही. दारात सामानाचा ट्रक उभा, मी खोक्यांवर बसून चहाचं भांडं शोधतेय, आणि एक उंच, वाळकी बाई सरळ आमच्या गॅरेजमध्ये शिरली. आतल्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक पिवळट रेघ होती. तिच्यावर तिनं तळवा ठेवला आणि मराठीत म्हणाली, "इथपर्यंत." आणि निघून गेली.

माझा मुलगा अभय तिच्या पाठीकडे बघत राहिला. सून स्मिता म्हणाली, "वीअर्ड आहे यार." मी मात्र खूश झाले. म्हटलं, चला, शेजारी मराठी बोलणारं कुणीतरी आहे. ती रेघ कसली, हे मला त्या दिवशी कुठलं कळायला. मी बार्शीकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर. ते जमिनीतून आपलं आपण वर येतं आणि भिंतीवर खूण करून जातं, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ही गोष्ट दोन हजार तीनची. अभयची नोकरी अमेरिकेत, पिस्कॅटवेला. तिथे जवळपास घर घ्यायचं तर परवडेना, म्हणून शोधत शोधत ही दोघं खाडीकाठच्या या छोट्या वस्तीत पोचली. तीस-पस्तीस घरं, सगळी बुटकी. पूर्वी गोरे लोक उन्हाळ्यात सुट्टीला यायचे, त्यांच्यासाठी बांधलेली. पुढे एक चिंचोळा रस्ता, मागे उंच बोरूचं रान, आणि रस्ता संपतो तिथे पाणी. स्मिता भारतात सगळ्यांना फोन करून सांगायची, वॉटरफ्रंट आहे म्हणून. स्वस्त का आहे, ते कुणी विचारलं नाही.

नाखवा मावशीचं घर त्या रस्त्यावरचं शेवटचं. तिच्या मागच्या दारातून सिमेंटच्या सहा पायऱ्या थेट खाडीत उतरायच्या. वरच्या दोन एरवी कोरड्या, खालच्या दोन कधीच दिसायच्या नाहीत, आणि मधल्या दोन दिवसातून दोनदा ओल्या व्हायच्या. मावशी अलिबागकडच्या कोळीवाड्यातली. नवरा बोटीवर खलाशी होता, मग इथे बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात लागला, आणि तिला घेऊन आला, त्यालाही तीस वर्षं होऊन गेलेली. मी बासष्टची आणि ती सत्तरीची, तरी सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणायचे. ती मला म्हणायची 'बार्शी'. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.

साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, वर नवऱ्याचा जाड निळा कोट, पायात त्याचेच रबरी बूट, हातभर हिरव्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. अशी ती दिवसातून दोनदा पायऱ्यांवर येऊन उभी राहायची. घड्याळ तिच्याकडे नव्हतं. भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं, त्यातली तिथी बघायची. मला शिकवलं तिनं एकदा. म्हणाली, तिथीची पाऊणपट कर, ती आपल्याकडची भरती. त्यातून इथले तीन तास काढ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, तीन गेले, सव्वाआठ. मी पौर्णिमेला सकाळी मुद्दाम घड्याळ घेऊन बसले. सव्वाआठला पाणी थांबलं. म्हणजे अगदी थांबलं. एक बोरूचं पान वाहत येत होतं, ते जागच्या जागी राहिलं, आणि मग हळूहळू उलटं निघालं. सकाळचं लख्ख ऊन, तरी माझ्या अंगावर काटा आला.

पहिल्या वर्षी सप्टेंबरात एक दिवस सकाळी अभयच्या गाडीच्या काचेवर ओलं शेवाळ पडलेलं. मला वाटलं कुणाचा तरी चावटपणा. समोरचा म्हातारा गोरा मात्र लगबगीनं आपली गाडी हायवेच्या बाजूला न्यायला लागला. अभयला ओरडून म्हणाला, ती बाई शेवाळ ठेवते म्हणजे तासाभरात गाडी हलव. आभाळात ढगाचा तुकडा नाही. तासाभरानं रस्त्यातल्या गटाराच्या जाळीतून बुडबुडे आले. मग पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही, नुसतं वर येत राहिलं. माझी नात ईशा, सहा वर्षांची, तिनं रस्त्यावर खडूनं लंगडीची घरं आखली होती. त्या घरांवरून बोटभर मासे फिरत होते. ईशा टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, फिश आर प्लेइंग हॉपस्कॉच." मावशी आपल्या दारात उभी राहून बघत होती, पाहुणे वेळेवर आले की नाही हे बघावं तशी.

तिचे काही नियम होते. पाण्याला पाठ केली की मागे वळून बघायचं नाही. मी एकदा तिच्या पायऱ्यांवरून परत येताना सवयीनं वळले. तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड पुढे फिरवलं. बोटं इतकी गार की मी दचकले. म्हणाली, "वळून बघितलंस की ते तुला ओळखतं." मी हसण्यावारी नेलं. पण नंतर त्या काठावरून येताना माझी मान कधी वळली नाही. खरं सांगते.

दुसरं म्हणजे, ती त्या खाडीतला मासा खायची नाही. कोळ्याची बाई, दारात पाणी, शेजारचे लोक गळाला लागलेले मासे हौसेनं आणून द्यायचे. ती हसून घ्यायची आणि ते गेले की समोरच्यांच्या मांजराला घालायची. स्वतःसाठी एडिसन गावातल्या इंडियन दुकानातून बर्फातलं पापलेट आणायची, दगडासारखं. मी एकदा चिडवलं, म्हटलं, मावशी, अमेरिकेत येऊन फारच शिष्ट झालीस की. ती मसाला वाटत होती. वाटायची थांबली नाही. म्हणाली, "ज्या पाण्यात आपलं माणूस आहे का नाही ते ठाव नाही, त्यातला मासा कसा खाऊ गो?"

तेव्हा मला कळलं. तिचा नवरा नारायण. आम्ही यायच्या सात वर्षं आधी, नोव्हेंबरात, सकाळी आपली छोटी बोट घेऊन गेला. नेहमी जायचा. दुपारी धुकं पडलं. धुक्यातून बोट परत आली, एकटी, इंजिन बंद. येऊन तिच्या तिसऱ्या पायरीला टेकली. आत त्याची टोपी होती, आणि चहाचा थर्मास. मावशीनं झाकण उघडलं.

"चहा गरम होता," ती म्हणाली. "कपात ओतलेला. अर्धा प्यायलेला."

पोलीस आले, हेलिकॉप्टर आलं, पाणबुडे आले. काही सापडलं नाही. पुढे सरकारनं कागद दिला की गेला म्हणून समजा. तो कागद तिनं घेतला, डब्यात ठेवला आणि मंगळसूत्र काढलं नाही. रोज दोन ताटं वाढायची. एक स्वतः जेवायची आणि दुसरं झाकून ठेवायची, ते सकाळी शिळं म्हणून खायची. ती बोट अंगणात पालथी घातलेली होती. दर वर्षी तिला रंग द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, बाईचं डोकं फिरलं होतं. नव्हतं. तिचा हिशेब पक्का होता, आणि तो मला आमच्या ईशानं दाखवून दिला. ईशाची लाल सॅंडल एकदा वस्तीच्या त्या टोकाला, बागेपाशी पाण्यात पडली आणि बघता बघता गेली. पोरगी रडून रडून दमली. मावशी म्हणाली, गुरुवारी माझ्या पायरीवर ये. गुरुवारी गेलो. सॅंडल तिसऱ्या पायरीवर, कुणी काढून ठेवावी तशी, पट्टा वर करून. या खाडीचा ओढाच तसा आहे, अभय म्हणाला, एडी करंट असतो, पाणी गोल फिरून तिथेच येतं. असेल. मावशीच्या अंगणात चेंडू होते, वल्ही होती, एका बाईचा चष्मा होता, बाहुलीचा हात होता. जे जे त्या पाण्यात गेलं ते तिच्या पायरीवर परत आलं. एक माणूस सोडून. मग तो पाण्यात नाहीच, असं तिचं म्हणणं. दुसरीकडे कुठेतरी आहे. येईल.

तिची मुलगी शीतल चँडलरला, ॲरिझोनात. दर रविवारी फोन करून आईला ये म्हणायची. तिथे म्हणे नळाखेरीज पाणी दिसत नाही. मावशी म्हणायची, येईन. जायची नाही.

दोन हजार सातच्या एप्रिलात वादळ झालं. पाणी आमच्या गॅरेजच्या रेघेच्या वर गेलं, आणि मावशीच्या घरात कमरेपर्यंत. फायर ब्रिगेडवाले बोट घेऊन आले तेव्हा ही जेवणाच्या टेबलावर मांडी घालून बसलेली, मांडीवर झाकलेलं ताट. त्यांना म्हणाली, बूट काढून आत या. आठ दिवस ती आमच्याकडे होती. तिचा श्वास रात्रंदिवस घरघरायचा. डॉक्टरनं शीतलला फोनवर स्पष्ट सांगितलं की भिंतींना बुरशी धरलीये, अजून एक हिवाळा ही बाई त्या घरात काढणार नाही. शीतल माझ्यापाशी रडली. "काकू, तुम्ही तरी सांगा ना तिला. शी लिसन्स टू यू." मी सांगितलं. एकदा नाही, दहादा. मावशी घरी परत गेली आणि बोटीला रंग द्यायला बसली.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला मावशीनं पाण्यात नारळ सोडला. दर वर्षी सोडायची, एकटीच, पायऱ्या उतरून, चॉकलेटाच्या सोनेरी कागदात गुंडाळून. कोळी माणसं सोडतात, यात मला काही नवल नव्हतं. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मी बागेकडे फिरायला गेले. तिथल्या वाळूच्या पट्ट्यावर एडिसनकडची आपली माणसं रविवारी गाड्या भरभरून येतात, पूजेची फुलं, नारळ पाण्यात सोडतात. तिथे काठाला एक नारळ लागलेला. उचलून कानाशी हलवला. पाणी वाजलं. चांगला होता.

बार्शीच्या बाईला चांगला नारळ टाकवत नाही हो. आमच्याकडे यात्रेत वाहिलेले नारळ पोरं उचलून खातात, देवही काही म्हणत नाही. मी तो पदराखाली घालून घरी आणला, धुतला, फोडला. आत खोबरं पांढरंशुभ्र. गूळ घालून नारळीभात केला, लवंगा घातल्या. स्मितानं नाक मुरडलं, पण दोनदा वाढून घेतला. करवंटीचा अर्धा भाग मी मिठाला ठेवला. आणि वाटीभर भात झाकून मावशीला नेऊन दिला.

ती पायऱ्यांवर बसली होती. तिथेच बसून तिनं खाल्ला, सावकाश. म्हणाली, "नारळ गोड आहे. कुठला गो?"

काठावरचा उचलला म्हणायची मला लाज वाटली. म्हटलं, "दुकानातला. एडिसनचा."

तिनं वाटी पाण्यात विसळून मला परत दिली.

पंधरा-वीस दिवस गेले. मावशी पायऱ्यांवरून हलेना. भरतीला असायची, ओहोटीलाही असायची. एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. हातात बांगड्या नव्हत्या. मी काही विचारायच्या आत तीच बोलली. म्हणाली, अकरा वर्षं मी नारळ सोडते. सुरीनं तीन रेघा मारते त्याच्यावर. एक त्याची, एक माझी, एक पाण्याची. मधल्या रेघेवर हिरवा दोरा बांधते. आणि विचारते, तुझ्यात आहे का माझा माणूस. दर वर्षी नवव्या-दहाव्या दिवशी नारळ परत येतो. म्हणजे नाही. ज्या वर्षी ठेवून घेईल, त्या वर्षी समजायचं.

"यंदा ठेवून घेतला त्यानं," ती म्हणाली. "शीतलला फोन लाव. ये म्हणावं, मला न्यायला."

चहाचा कप मी पायरीवर ठेवला. घरी आले, मिठाची करवंटी रिकामी केली, उजेडात धरली. करवंटीवर रेघा होत्या. तीन. दोरा नव्हता, पण दोरा काय, पाण्यात सुटतोच.

मी ती करवंटी पिशवीत घालून तीनदा तिच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा ती कपाट आवरत होती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती पालथ्या बोटीशी बसून काहीतरी बोलत होती, आणि रडत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती जेवत होती. समोर एकच ताट होतं. मी पिशवी मागे लपवली. सांगितलं असतं तर ती पुन्हा दुसरं ताट वाढून त्या बुरशीच्या घरात बसली असती आणि हिवाळ्यात मेली असती. नाही सांगितलं तर तिच्या नवऱ्याला मी मारलं, भाताच्या वाटीनं. असं मी रोज स्वतःशी दोन्ही बाजूंनी बोलत होते. अभयला सांगितलं तर म्हणाला, "आई, लेट इट बी." त्याचं बरं आहे, भात त्यानं केला नव्हता.

निघायचा दिवस आला तो कोजागिरीचा. शीतल आदल्या दिवशी आली होती. मावशीनं वस्तीतल्या सगळ्या गाड्यांवर शेवाळ ठेवलेलं, जाता जाता शेवटचं. सव्वाआठ. लख्ख ऊन, वारा नाही, आणि रस्ताभर घोट्याइतकं पाणी, आभाळासारखं निळं, हलत नव्हतं. शीतलनं गाडी हायवेपाशी ठेवली होती, तिथपर्यंत चालतच जायचं. ती बॅगा घेऊन पुढे गेली.

मावशीनं घराला कुलूप लावलं. नवऱ्याचा कोट दाराच्या खिळ्याला अडकवला, बूट खाली जोडीनं ठेवले, आणि अनवाणी पाण्यात उतरली. मी तिची पिशवी घेऊन मागे. दहा पावलं गेलो असू. मागे आवाज झाला. ठक. थोड्या वेळानं परत, ठक. कुणी पायरीवर बोटानं वाजवावं तसा.

तिचा नियम मला पाठ होता. तरी मी वळले.

घराच्या कडेनं मागच्या पायऱ्या दिसत होत्या. पाणी वरच्या पायरीपर्यंत आलं होतं, आणि त्या पायरीला एक नारळ हळूहळू टेकत होता. काळा पडलेला, शेंडीला शेवाळ. सोनेरी कागदाची एक चिंधी अजून चिकटलेली. तीन रेघा. आणि मधल्या रेघेवर हिरवा दोरा, गाठ पक्की.

मग मी उचलून फोडला तो कुणाचा? रेघा काय, प्रत्येक करवंटीला तीन असतातच.

मावशी पुढे थांबली होती. तिनं मान वळवली नाही. पाठमोरीच म्हणाली, "बार्शी, मागे काय आलंय का गो?"

नारळ पायरीला टेकला. ठक.

"नाही मावशी," मी म्हटलं. "काही नाही."

आवाज तिलाही येत असणार, तिचे कान माझ्याहून तीक्ष्ण होते. मग तिचा हात गळ्याकडे गेला, जिथे काही नव्हतं, तिथे बोटं चाचपडली आणि खाली आली.

"बरं," ती म्हणाली, आणि चालायला लागली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाठ ताठ, पावलं अशी टाकत होती की पाण्यावर तरंगसुद्धा उठू नये. मी तिच्या मागे निघाले. तेवढ्यात पाणी उलटं फिरलं, आणि माझ्या घोट्यांना ओढ लागली, तिच्या घराच्या दिशेनं. ती मात्र पुढे पुढे जात राहिली, ऊन होतं तिकडे, आणि एकदाही वळली नाही.